बिनअर्थाचे शब्द

गुरुजी,

आज मी डोक्यावर तारांची टोपी घालून बसले होते. असं एकदम सांगितलं तर तुम्ही म्हणाल, "बस पोरी, पानी पे, मंग सांग." पण मला बसवतच नाही. घरी आल्यावर चहा ठेवला तो उतू गेला, पुन्हा ठेवला तोही उतू गेला, शेवटी लेकीनं मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. "आई, तुला झालंय तरी काय? लहान पोरीसारखी काय करतेस?" म्हणाली. तिला काय सांगणार? तिनं तुम्हाला पाहिलेलं नाही. ज्यांनी पाहिलं त्यांच्यातलं आता जवळपास कोणी उरलं नाही, आणि तुम्ही तर मी साडी नेसायला लागले त्याच सुमाराला गेलात. तरी सांगायचं आहे ते तुम्हालाच, म्हणून कागद घेऊन बसले आहे.

मला नात आहे, गुरुजी. लेकीची लेक, दुसरीत जाते. डोळे टपोरे, हात सदा कशात तरी गुंतलेले, चित्रं अशी काढते की बघत राहावं. पण बोलायला लागली ती फार उशिरा, आणि अजूनही वाक्य सुरू करते ते मधेच सोडून देते. 'काल आम्ही बागेत गेलो' हे तिच्या तोंडून 'बागेत काल... आम्ही ते...' असं येतं, मग ती हातानं झोका दाखवते आणि विषय संपतो. कान तपासले, चांगले आहेत. बुद्धी तपासली, तीही चांगली आहे. वाचेवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा भाषेचा विकार आहे, काही मुलांना असतो, कुणाच्या लाडानं किंवा दुर्लक्षानं होत नाही. लेक रडली. मी रडले नाही. मी त्या पोरीकडे बघत होते आणि मला आपल्या गावची, सोनाळ्याची शाळा दिसत होती.

त्याच डॉक्टरीणबाईंच्या ओळखीनं आम्ही आज इथल्या, पुण्यातल्याच एका प्रयोगशाळेत गेलो. अशा मुलांच्या मेंदूत बोलणं ऐकताना काय चालतं ते तिथं बघतात. घाबरण्यासारखं काही नाही, सुई नाही, दुखणं नाही. पोरीच्या डोक्यावर कापडी टोपी बसवली, तिला बारीक बारीक तारा, आणि तारांच्या टोकाला थंडगार चिकट मलम. मेंदूत जी अगदी बारीक वीज खेळते ती त्या तारांतून पडद्यावर रेषांसारखी उमटते. नात खुर्चीत बसली, मी काचेच्या अलीकडे उभी राहिले. तिच्या कानात एक शब्द वाजला. मग थोडा वेळ सगळं गप्प. मग समोर हिरवा दिवा लागला आणि तिनं तो शब्द परत म्हटला. आणि गुरुजी, तो शब्द कसला होता? कशाचाच नव्हता! त्याला अर्थच नव्हता. नुसती एकाला एक लावलेली अक्षरं. पुढचा शब्द त्याहून लांब, तोही बिनअर्थाचा. काचेवर हात आपटून मी ओरडले, "हा तर आमचा भिपू!" तिथल्या मुलीनं मला हळूच बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं.

तुम्हाला भिपू आठवतो ना?

मी कशी होते ते तुम्हाला माहीत होतं. पण आतून कशी होते ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, तेव्हा सांगताच येत नव्हतं. आता ऐका. माय चुलीपुढे बसलेली आहे, तव्यावर भाकर, मांडीवर धाकटा भाऊ. ती म्हणते, "मडक्यातलं मीठ आन, दोरीवरचं फडकं घे, आन येता येता पाह्य बापा, अंगनात कुत्रं तं नाई शिरलं." मी उठते. मीठ मला समजलेलं असतं. फडकं आलं की मीठ जातं. कुत्रं आलं की फडकं जातं. मी अंगणात जाते आणि कुत्र्याकडे बघत उभी राहते, कुत्रं माझ्याकडे बघत उभं राहतं. आतून माय हाक मारते, "काय वं, कुठी मेली?" आणि मी रिकाम्या हातानं परत येते. मला काही समजत नव्हतं असं नाही. मीठ, फडकं, कुत्रं, तिन्ही शब्द मी जन्मापासून ऐकत होते. पण बोलणं माझ्यासाठी उतारावरच्या पाण्यासारखं होतं, शेपूट हाती यायच्या आत तोंड कुठल्या कुठे निघून गेलेलं. आणि स्वतः बोलायला जावं तर वाक्याचा शेवट जुळेपर्यंत सुरुवात सुटायची. म्हणून मी बोलतच नसे. गावानं मला येडी ठरवलं, काहींनी बहिरी. माझी काही तक्रार नव्हती, दोन्ही शब्द लहान होते.

पहिलीत मी दुसऱ्यांदा बसले होते तेव्हा तुम्ही बदलून आलात. काळी टोपी, ढगळ पायजमा, आणि चालणं असं की मागून कोणी हाक मारतंय. आल्या आल्या तुम्ही भिंतीवरचा जुना नकाशा उतरवला आणि नव्या महाराष्ट्राचा लावला. त्याला रोगणाचा वास येत होता. एकेका पोराला उचलून तुम्ही सातपुड्याच्या पायथ्याशी आपलं गाव कुठे असेल तिथे बोट ठेवायला लावलंत. मलाही उचललंत. मग श्रुतलेखन सुरू झालं आणि प्रेम आटलं. तुम्ही वाक्य सांगितलं, 'बैल पाणी पिऊन झाडाखाली बसला.' मी पाटीवर लिहिलं, 'बैल बसला.' तुम्ही पाटी उचलून वर्गाला दाखवली.

"पानी कुठी गेलं? झाड कुठी गेलं?"

पोरं खदाखदा हसली. तुम्ही माझा कान धरलात. "आयकू येते का नाई? लक्ष कुठी हाय तुह्यं?" आणि मी मान खाली घालून पुटपुटत होते, बैल पाणी, बैल पाणी, बैल पाणी. पुढचं ऐकताना आधीचं जाऊ नये म्हणून मी नेहमीच असं करायचे, आणि त्यामुळे पुढचं ऐकूच यायचं नाही. तुम्ही वाकलात, माझ्या ओठांजवळ कान आणलात, आणि माझा कान सोडून दिलात. दुसऱ्या दिवशी माझ्या पाठीमागे उभं राहून अगदी हलक्या आवाजात म्हणालात, "गूळ." मी गर्रकन वळले. तुम्ही टाळी वाजवली. "बहिरी तं नाई!" हे तुम्ही वर्गाला सांगत नव्हता, स्वतःलाच सांगत होता.

त्यानंतरचा तो खेळ. मधल्या सुट्टीत कडुनिंबाखाली तुम्ही आम्हाला गोल बसवलंत. "मी म्हनतो थे म्हनायचं. भिपू." भिपू! "भिपूता." भिपूता! "भिपूताळो." इथे मी थांबले. बाकीची पोरं, अगदी नाक पुसता न येणारीही, भिपूताळो, भिपूताळोनी म्हणत पुढे गेली, आणि माझ्या तोंडून 'भिपू' एवढंच निघालं, पुढे नुसता वारा. तुम्ही दुसरा शब्द घेतला, तिसरा घेतला, दर वेळी मी त्याच ठिकाणी अडकले. पोरं हसायला लागली तशी तुम्ही त्यांना दटावलंत, पण तुमचा चेहरा मी पाहिला. हरवलेली वस्तू सापडल्यासारखा दिसत होता. सुट्टी संपली, घंटा झाली, तुमचा डबा तसाच राहिला, आणि तुम्ही मला बखोटीला धरून मोठ्या गुरुजींच्या खोलीत नेलंत. ते तुमचं बोलणं मला नंतर मायनं सांगितलं म्हणून माहीत आहे, तिला शाळेच्या शिपायानं सांगितलं होतं. "खरा शब्द असला की पोरगं अर्ध्यावरून वळखते," तुम्ही म्हणालात, "म्हनून मी खोटे शब्द केले. तिले समजते सारं. धरून ठेवता येत नाई. धरून ठेवाची जागा लहान हाय!" मोठे गुरुजी म्हणाले, "तुमी जेवले काय? आधी जेवून घ्या."

पण घरी वेगळंच ठरलं होतं. बाबांनी शाळेतून माझं नाव काढायचं नक्की केलं होतं. तुम्हाला ते कळलं आणि संध्याकाळी तुम्ही मळ्यात आलात. मी अजूनही तिथंच उभी आहे असं वाटतं. बाबा मोट हाकत आहेत, बैल धावेवरून मागे येतात, पुढे जातात, मोट वर येते आणि थारोळ्यात धबाधबा पाणी पडतं. बाबा बैल न थांबवता बोलतात, ते शब्द पुढे त्यांनीच मला तोडून तोडून सांगितले.

"गुरुजी, तुमी मानूस चांगले हा. पन पोरगी एकाच वर्गात दोनदा बसली. घरी लहान लेकरू हाय, थे तरी सांभाळीन. तिच्या डोक्यातली मोट फुटकी हाय. किती बी भरा, वर येईलोक रिकामी."

"फुटकी नाई हो दादा," तुम्ही म्हणालात. "लहान हाय. फुटक्या मोटीनं मळा भिजत नाई. लहान मोटीनं भिजते, फेरे जास्त लागतात."

"हे तुमाले कोनं सांगितलं?"

"कोनं नाई. पाहा."

तुम्ही मला एका दमात सांगितलं की खुरपं आण, पाटाचं तोंड फोड आणि मिरचीच्या वाफ्यात पाणी घे. मी मिरचीच्या वाफ्यापाशी जाऊन हात लोंबवत उभी राहिले. बाबा 'पाहा बरं' अशा नजरेनं तुमच्याकडे बघत होते. मग तुम्ही म्हणालात, "खुरपं आन." आणलं. "पाटाचं तोंड फोड." फोडलं. "आता पानी मिरचीत घे." मी पाणी वळवलं, मातीचा बांध घातला, सांडणाऱ्या पाण्याला पायानं अडवलं. बाबांनी बैल थांबवले.

"हे तं तिले सारं येते."

"येतेच. एका दमात येत नाई."

बाबांनी मिरचीत जाणारं पाणी पाहिलं. मग म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, "पन येवढं तोडून तोडून तिच्यासंगं कोन बोलीन, गुरुजी? मले टाइम हाय काय? तिच्या मायले हाय?"

"शाळेत मी बोलीन."

"आन तुमची बदली झाली तं?"

तुम्ही टोपी काढून डोकं खाजवलंत. शेवटी बाबाच म्हणाले, "होयीपर्यंत ठेवतो. मंग पाहू." होयी म्हणजे होळी, हिवाळा संपेपर्यंतचा वेळ, बस.

आता तुमची एक गंमत सांगते, रागावू नका. तुम्ही त्या हिवाळ्यात चुकलात. तुम्हाला वाटलं, जागा लहान आहे तर ती ताणून मोठी करू. शाळा सुटल्यावर रोज मला बसवून तुम्ही भिपूताळो म्हणायला लावायचात, मग भिपूताळोनी, मग त्याहून लांब. मी शिकले! खोटं नाही, गुरुजी, पुष्कळ घोकल्यावर मी भिपूताळोनी म्हणायला लागले आणि तुम्ही मला खांद्यावर घेऊन शाळेभोवती फिरलात. पण नवा शब्द दिला की मी पुन्हा तिथंच. आणि घरी माझं बोलणं होतं तेवढंच. मला त्या शब्दांची इतकी भीती बसली की शाळा सुटायची वेळ झाली की मी पळून तुरीत लपायचे. एक दिवस माय मला तुरीतून ओढत तुमच्यापुढे घेऊन आली, हाताला वांग्याच्या वाफ्यातला चिखल तसाच.

"गुरुजी, माह्यी पोरगी 'माय, भूक लागली' म्हनत नाई, आन भिपूताळोनी म्हनते. हे कोन्या कामाचं?"

तुम्ही आधी मोठ्यानं हसलात. मग तिच्या चिखलाच्या हाताकडे पाहिलंत. "तुमचं खरं हाय, वयनी," म्हणालात. "मी मोट मोठी कराले गेलो. थे माह्या हातचं नाई दिसत. हिले फेऱ्याची सवय लावाले पायजे." दुसऱ्या दिवसापासून भिपू बंद झाला आणि तुम्ही मला वाक्य दिलं. मोठ्या माणसांना म्हणायचं वाक्य, माझ्या जागेत मावेल एवढंच. 'थांबा. एक एक सांगा.' मला ते तोंडातून काढवेना. मोठ्यांना थांबा म्हणायचं? तुम्ही म्हणालात, "मले म्हन. बापाले म्हन. शाळा तपासाले डिप्टी साहेब आले तं त्यायले बी म्हन. पुढचं मी पाहून घेईन." सगळा वर्ग तुम्ही त्या कामाला लावलात. पोरं माझ्यावर कामांची सरबत्ती करायची आणि मी ते वाक्य म्हणेपर्यंत कोणी हलायचं नाही असा नियम होता. आणि वाचताना मात्र तुम्ही मला घाई करू द्यायचा नाहीत. "लिहिलेला शब्द पळत नाई, पोरी. मांगं जाऊन पाह्य, तिथंच बसेल असते." खरंच बसलेला असायचा. पुस्तक ही माझ्याशी सावकाश बोलणारी जगातली पहिली वस्तू.

आणि मग होळीच्या आधीचा तो बाजार. मायनं पोत्यावर वांगी, मिरच्या, कांदे आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या मांडल्या होत्या आणि मला बसवून ती पाणी आणायला गेली होती. कुठल्यातरी लग्नघरचा एक धिप्पाड माणूस आला. "वांगे काढ चांगले पाहून, मिरच्या तिखट पायजेत, सांबार सारं दे, आन कांदे येगळे बांध." मी बघत राहिले. त्यानं पुन्हा सांगितलं. लोक पुन्हा सांगतात तेव्हा हळू सांगत नाहीत, मोठ्यानं सांगतात. शेजारच्या बाया वळून बघायला लागल्या. एकीनं सांगायला तोंड उघडलं, "येडी हाय थे..." आणि मी उभी राहिले. मी त्या माणसाच्या पोटाकडे बघून म्हणाले, "थांबा. एक एक सांगा."

"काय म्हनली वं?"

"थांबा. एक एक सांगा."

तो माणूस, देव त्याचं भलं करो, माझ्यापुढे उकिडवा बसला. "बरं बाई," म्हणाला, "वांगे." मी वांगी काढली, चांगली पाहून. "मिरच्या." मी त्यातल्या तिखट काढल्या. "सांबार." दिला. "कांदे." वेगळे बांधले. काही चुकलं नाही. तो पिशवी उचलून गेला, आणि त्याच्या मागे, मेथीची जुडी हातात घेऊन, तुम्ही उभे होता. तुम्ही कधीपासून उभे होता कोण जाणे. तुमची टोपी खाली पडली होती ती तुम्ही उचललीही नाही. घागर घेऊन येणाऱ्या मायला तुम्ही भर बाजारात लांबूनच ओरडून सांगत होता, "वयनी! आयकलं काय वयनी! आपली पोरगी बोलली!" माय पळत आली, घागर हिंदकळून तिचं लुगडं भिजलं. तुम्ही दोघंही एकदम बोलत होता आणि मला त्यातलं एक अक्षर समजत नव्हतं. पण त्या दिवशी ते समजायची गरज नव्हती. होळी आली, पेटली, विझली. नाव काढायचं कोणी बोललं नाही.

पुढे तुमची बदली मोताळ्याकडे झाली, रोहिणखेडच्या बाजूला. बाबांचं म्हणणं खरं ठरलं, पण तोवर वाक्य माझ्या अंगी लागलं होतं आणि बाबाही नकळत थांबून थांबून बोलायला शिकले होते, बैलांशीसुद्धा! मी सातवी झाले. वर्षं गेली, आणि कोणीतरी बाजारात बाबांना सांगितलं, ते गुरुजी काविळीनं गेले. बाबा घरी येऊन पायरीवर बसले आणि मला त्यांनी तुकडे न करता सांगितलं. ते वाक्य लहानच होतं.

मी काय झाले ते तुम्हाला माहीत नाही. सांगू? खामगावात दिलं मला. नवरा छापखान्यात, आणि त्याच्यासोबत मीही खिळे जुळवायला शिकले. अक्षराचा एकेक शिशाचा खिळा पेटीतल्या त्याच्या घरातून उचलायचा, ओळीत लावायचा, शब्द हळूहळू आपल्या हातात भरत जातो आणि सुटत नाही. माझ्यासाठीच कोणी तो धंदा काढला असावा. लग्नपत्रिका, जाहिराती, शाळांचे पेपर, सगळं मी जुळवलं. ज्या पोरीला 'बैल बसला' एवढंच लिहिता येत होतं तिनं, गुरुजी, बैलपोळ्याच्या अख्ख्या पुरवण्या जुळवल्या.

आता आजचं. बाकावर मी शांत झाल्यावर ती प्रयोगशाळेतली मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. तिला मी तुमचं सगळं सांगितलं, कान धरल्यापासून बाजारापर्यंत. ती टाळ्या पिटायची तेवढी बाकी होती. म्हणाली, "आजी, बिनअर्थाचे शब्द परत म्हणायला लावणं ही आता जगभर वापरतात ती पद्धत आहे. ऐकलेलं थोडा वेळ धरून ठेवायचं आणि ते धरूनच पुढचं काम करायचं, त्याला आम्ही कार्यस्मृती म्हणतो. अशा पुष्कळ मुलांना तिथंच अडतं. तुमच्या गुरुजींना हे कुठून सुचलं?" मी म्हटलं, डबा खायला विसरले की त्यांना सुचायचं. तुमच्या हिवाळ्यातल्या तालमीचंही मी विचारलं. ती म्हणाली, आमचाही बराचसा तोच अनुभव आहे, खेळात मुलं पटाईत होतात, बोलणं मात्र तेवढ्यानं सुधारत नाही, त्यापेक्षा सावकाश, थोडं थोडं बोलणं कामाला येतं. म्हणजे तुम्ही जिथे चुकलात तिथे शिकलेली माणसंही चुकून परत आली आहेत. मला फार बरं वाटलं.

मग तिनं पडदा दाखवला. नातीच्या कानात शब्द वाजतो तिथे रेषा हलते, हे मला अपेक्षितच होतं. ती शब्द म्हणते तिथेही हलते. पण गुरुजी, मधे! मधे जेव्हा सगळं गप्प असतं, कोणी बोलत नाही, पोरगी नुसती दिव्याकडे बघत मख्ख बसलेली असते, तेव्हाही रेषा थांबत नाहीत. त्या चालतच असतात, वर खाली, वर खाली. "ती धरून ठेवायचा प्रयत्न करतेय," मुलगी म्हणाली. मी विचारलं, म्हणजे रिकामी नाही ना ती? "अजिबात नाही. मेंदू कधीच रिकामा नसतो. या मुलांत तिथे नेमकं काय वेगळं चालतं, कमी की जास्त, तेच तर शोधतोय. एकट्या मुलाच्या रेषेवरून सांगता येत नाही, पुष्कळ मुलांच्या एकत्र कराव्या लागतात." पण मला एवढं पुरे होतं. अंगणात कुत्र्यापुढे उभ्या असलेल्या पोरीच्या डोक्यात काही नव्हतं असं सगळं गाव म्हणत होतं, मीही मनातून तसंच समजत आले होते, एवढं म्हातारपण येईपर्यंत. आणि तिथे, त्या गप्प असण्यात, असं काम चालू होतं!

मी त्या मुलीला म्हटलं, मला घाल ती टोपी. ती म्हणाली, हे मुलांसाठी आहे, तुमच्या रेषांचा अभ्यासात काही उपयोग नाही. मी म्हटलं, मला उपयोग आहे. नात हसून हसून लोळायची राहिली होती. शेवटी त्या मुलीनं ऐकलं, माझ्या पांढऱ्या केसांत ते मलम भरलं, टोपी बसवली आणि कानात शब्द सोडला. पहिला जमला. पुढचा जमला. त्यापुढचा लांबला आणि मी अडले, अगदी कडुनिंबाखाली अडायचे त्याच जागी. केवढी हसले मी! नात ओरडली, "आजी पण! आजी पण माझ्यासारखी!" हे वाक्य तिनं पूर्ण म्हटलं, गुरुजी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिची आई दारात उभी होती, ती आत येऊन पोरीच्या शेजारी बसली. घरी येताना रिक्षात पोरगी माझ्या केसातलं मलम काढत होती आणि मी तिला तुमची गोष्ट सांगत होते, एक एक वाक्य, थांबून थांबून. ती दर वाक्याला 'मग?' म्हणत होती.

हे पत्र टाकायचं कुठे, हा प्रश्न नाही. तुम्ही गेलात हे मला माहीत आहे, आणि पोस्टमनलाही उगाच हिंडवायचं नाही. पण पाकीट समोर घेतलंच आहे तर एक सांगून टाकते. तुमचं नाव मला येत नाही. गावात सगळे तुम्हाला गुरुजीच म्हणायचे. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट आणि त्या लांबलचक आडनावासकट, मी एकदाच ऐकलं, निरोपाच्या दिवशी मोठ्या गुरुजींनी भाषणात घेतलं तेव्हा. कुठे लिहिलेलं दिसलं असतं तर आजही खिळ्याखिळ्यानं जुळवून दाखवलं असतं. पण ते नुसतं कानावर पडलं आणि गेलं, आणि परत विचारायची मला लाज वाटली. आडनावाची पहिली दोन अक्षरं तेवढी राहिली आहेत. ती मी अजून सोडलेली नाहीत.